ओट्याखालचा शत्रू

१ मार्च, रविवार

आजपासून युद्ध. शत्रू : ओट्याखालचं डावीकडून दुसरं कपाट. गुन्हा : माझ्या बायकोचा गुडघा मोडला.

घटना लिहून ठेवतो, पुढे कोणी विचारलं तर. जाड बुडाचं मोठं पातेलं त्या कपाटात अगदी मागे, भिंतीला टेकून होतं. बायको उकिडवी बसली, खांद्यापर्यंत आत गेली, ओढलं, पातेलं निघालं आणि ती मागे पडली. पाय खाली दुमडलेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालायला येईल, पण खाली वाकणं बंद आणि उकिडवं बसणं तर विसराच.

पातेलं मागे कोणी ठेवलं होतं हा मुद्दा गौण आहे. त्या आठवड्यात भांडी मी लावत होतो, पण म्हणून काय झालं. इतकं खोल कपाट असावं कशाला?

सध्या ती मेहुण्याकडे आहे. त्याच्या घरी ओट्याखाली सगळ्या ट्रॉल्या. बोट लावलं की फळी भांड्यांसकट बाहेर. काल फोनवर म्हणाला, भावजी, तुमच्याकडे ट्रॉल्या होईपर्यंत ताईला इथेच राहू दे, हवं तर सुतार पाठवतो. मी म्हणालो, सुतार कशाला, मी आहे ना. यावर तो हसला. विचारलं तर खोकला म्हणेल, पण हसलाच.

संकल्प : पंधरा तारखेपर्यंत तीन ट्रॉल्या. स्वतःच्या हाताने. पंधराला बायको घरी. घर खायला उठतं, हे त्याला सांगायची गरज नाही.

२ मार्च, सोमवार

मापं घेतली. मी बाटल्यांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्यात हयात गेली. त्यामुळे माझ्या कामात चूक निघायला जागाच नाही.

आतलं माप एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, मिलिमीटरवर. कपाटाची दोन्ही दारं सारखी मध्ये येत होती, म्हणून मुलीला ती ताणून धरायला लावली. ती म्हणाली, बाबा, सोडली की परत येतायत. मी म्हणालो, तू धर, बोलू नकोस.

टेप सुटला आणि सपकन परत येऊन हनुवटीवर बसला. पहिलं रक्त आपलं सांडलं. हरकत नाही. शत्रूला कमी लेखू नये.

४ मार्च, बुधवार

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. ट्रॉली ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांना चॅनेल म्हणतात. हे मला माहीत होतं, फक्त शब्द आठवत नव्हता. दुकानदाराने विचारलं, स्क्रू लांब की आखूड. मी म्हणालो, सगळ्यात लांब. मजबुतीशी तडजोड नाही. त्याने दिले. कमी बोलणारा माणूस आहे, आवडला.

ड्रिल मशीनही आणलं. हातात घेतल्यावर जरा चालू करून पाहिलं. मग उगाच आणखी एकदा.

संध्याकाळी बायकोचा फोन. झालं का, म्हणाली. मी म्हणालो, जवळजवळ. यात खोटं काही नाही. सामान घरात आलं म्हणजे निम्मं काम झालंच.

७ मार्च, शनिवार

आज हल्ला. कपाट रिकामं केलं, डोकं आत घातलं आणि पहिलं भोक पाडलं. लाकडाचा भुसा, जळका वास, दात हादरवणारा आवाज. छान वाटलं. खोटं कशाला बोलू, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसून जे काही छातीत साठलं होतं ते सगळं त्या ड्रिलच्या टोकातून बाहेर पडत होतं. हे गुडघ्यासाठी. हे त्या टाक्यांसाठी. हे मेहुण्याच्या खोकल्यासाठी. गरजेपेक्षा चार-सहा भोकं जास्त पडली असतील.

एकदा ड्रिल अडकलं. टोक जागच्या जागी राहिलं आणि मशीन माझ्या मनगटासकट फिरलं. मनगट सुजलं आहे. चिडून हातोडी घेतली, ती अंगठ्यावर बसली. मग हातोडीच भिंतीवर फेकून मारली. भिंतीची एक टाईल तडकली. ती तशीही मला कधी आवडली नव्हती.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ काठीने छत ठोकत होते. मी वरून ठोकून उत्तर दिलं. थोडा वेळ आमचा ताल चांगला जमला होता.

चॅनेल बसले. हलवून पाहिले, लटकून पाहिलं. हत्ती बांधला तरी निघणार नाहीत.

बायकोला सांगितलं, जवळजवळ.

८ मार्च, रविवार

सकाळी चहा करायला शेजारच्या कपाटातून साखरेचा डबा काढायला गेलो. हात आत घातला आणि बाहेर ओढताना कोपरापासून मनगटापर्यंत फाटला.

वाकून पाहिलं. दोन कपाटांच्या मधल्या फळीतून माझे सगळे स्क्रू पलीकडे निघाले आहेत. टोकं पुढे करून, ओळीने, सुळे काढल्यासारखे. फळीच मुळात पातळ. बनवणाऱ्याने काटकसर केली, त्याचं हे फळ. त्यातल्या एका सुळ्याने तेलाचा डबा फोडला होता. तेल रात्रभर ठिबकून जमिनीवर पसरलेलं. ते मला पाय ठेवल्यावर कळलं.

मुलीने हाताला पट्टी बांधली. कंबरेला मलम लावलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला नेलं आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, बाबा, एक सुतार बोलावू या ना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय ती सगळं तिच्या आईला कळवते, हे मला ठाऊक आहे. कारण दुपारी बायकोने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, उजवा हात की डावा.

उजवा, म्हणालो. पण ट्रॉली जवळजवळ झाली.

११ मार्च, बुधवार

रजा टाकली. साहेबांना कारण सांगितलं, घरगुती संघर्ष. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. काहीतरी वेगळं समजले असावेत.

पहिली ट्रॉली तयार. फळी कापली, चार बाजू लावल्या, कडा घासल्या. नुसतं बघत राहावं अशी झाली आहे. मुलीने एक दार हाताने, दुसरं पायाने ताणून धरलं, मी ट्रॉली चॅनेलवर चढवली आणि ढकलली. लोण्यातून सुरी जावी तशी आत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच सगळी भांडी भरली. ते जाड बुडाचं पातेलंसुद्धा. मुद्दाम त्यालाच सगळ्यात मागे ठेवलं. आता ये म्हणावं बाहेर, बोट लावल्यावर.

मुलीने दारं सोडली. मी ट्रॉली ओढली. येईना.

दारं पूर्ण मागे जातच नाहीत. त्यांची बिजागरी आणि दाराची जाडी दोन्ही बाजूंनी ट्रॉलीच्या वाटेत उभी आहेत. म्हणजे ट्रॉली उघडायची तर एक माणूस उजवं दार ताणायला, एक डावं ताणायला आणि एक ओढायला. घरात माणसं तीन. त्यातल्या एकीला वाकता येत नाही.

माप चुकलेलं नाही. माप बरोबर आहे. दारं चुकली आहेत.

मुलीने दारांकडे बोट दाखवलं. त्या बोटात तिच्या आईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मी दाराला लाथ मारली. चप्पल घालून मारायला हवी होती.

१२ मार्च, गुरुवार

आज दया नाही. शेंडी तुटो की पारंबी तुटो.

आधी डावं दार. स्क्रू काढत बसलो नाही. हातोडीचं मागचं टोक बिजागरीत घातलं, पाय ओट्याला लावला आणि उपटलं. कडाडकन निघालं, बाजूच्या फळीचा हातभर लचका घेऊन. उजवं दार जास्त चिवट. त्याला आधी मधोमध फोडलं, मग तुकडे तुकडे केले. ठोकताना मी मोठमोठ्याने काहीतरी बोलत होतो. काय ते नीट आठवत नाही, पण खालच्या गृहस्थांनी नंतर जिन्यात मला ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. बरंचसं त्या पातेल्याला उद्देशून होतं म्हणे.

वाट मोकळी झाली. आता ट्रॉली येते की नाही बघू, असं म्हणून दोन्ही हातांनी जोर लावून ओढली.

आली. थांबलीच नाही. चॅनेलच्या टोकाला ट्रॉली अडवणारी एक छोटी खटकी असते म्हणे. ती मी पाकिटातून काढल्यावर खोक्याचा तुकडा समजून फेकली होती. ट्रॉली सगळ्या भांड्यांसकट चॅनेलवरून सुटली आणि माझ्या डाव्या पायावर आली. सगळ्यात शेवटी, सावकाश, कडेवरून घरंगळत ते पातेलं आलं. नेमकं अंगठ्यावर.

हाड चिरलं आहे. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, कोणी मारलं. मी म्हणालो, कपाटाने. त्यांनी मुलीला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं.

बायकोचा फोन मुलीने घेतला. मी आतून ओरडून सांगितलं, म्हणावं जवळजवळ.

१४ मार्च, शनिवार

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मेहुणा आला. सोबत स्वतःचं ड्रिल, इस्त्रीचा शर्ट. नुसतं बघतो म्हणाला.

बघितलं. मग विचारलं, भावजी, भूकंप झाला होता का. तो ड्रिल प्लगला लावून खाली बसला आणि माझ्या चॅनेलला हात घातला. म्हणाला, हे उलटे लागलेत. मी म्हणालो, सोड. तो म्हणाला, तुम्ही सोडा. मी ट्रॉलीची एक बाजू धरली, त्याने दुसरी. थोडा वेळ नुसतं ओढणं चाललं. मग मी त्याची कॉलर धरली, त्याने माझं सुजलेलं मनगट. मी त्याच्या ड्रिलला हात घातला आणि ते चालू झालं. त्याच्या शर्टाचं टोक गुंडाळत गुंडाळत ते पोटापर्यंत चढलं. तो किंचाळत मागे सरकला तो थेट कपाटात. त्याच्यावर मी. मधली फळी, जिच्यात माझी सगळी भोकं होती, ती कागदासारखी फाटली. शेजारच्या कपाटातलं पीठ, डाळी, साखर, सगळं आमच्या दोघांच्या डोक्यावर आलं. दगडी ओटा भिंतीत गाडलेला आहे म्हणून आम्ही जिवंत आहोत.

मुलीने मेन स्विच बंद केला. तिच्या वयाच्या मुलीने आम्हाला ज्या शब्दांत झापलं ते इथे लिहीत नाही.

आम्ही पिठात बसून राहिलो. त्याच्या पुढच्या दाताचा टवका गेला होता. मला वाटलं आता तो हसेल. हसला नाही. म्हणाला, भावजी, ताई उद्या येतेय. तीच म्हणाली. म्हणाली, त्यांचा दुसरा पाय मोडायच्या आत मला घरी सोड.

मी विचारलं, ट्रॉल्या झाल्या नाहीत तरी? तो म्हणाला, ट्रॉल्यांचं तिने कधी काही काढलंच नव्हतं. ते मीच म्हणत होतो.

तो गेल्यावर मी तिथेच बसून रडलो. डोळ्यांत पीठ गेलं होतं, तेही एक कारण होतंच.

१५ मार्च, रविवार

बायको आली. काठी टेकत, एकेक पाऊल. मी दारात काठी टेकून उभा. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आधी कोणी कोणाला धरायचं हे ठरायला वेळ लागला.

स्वयंपाकघराच्या दारात ती बराच वेळ उभी राहिली. दोन कपाटांचं मिळून एक भगदाड झालेलं. मुलीने पीठ झाडून उरलेली भांडी शेवटच्या एकमेव धड कपाटात कोंबली होती. मी समजावून सांगायला सुरुवात केली. फळी पातळ, दारं चुकीची, खटकी खोक्यासारखी. तिने खुर्ची ओढून द्यायला सांगितलं. बसली. म्हणाली, भूक लागलीय, पातेलं द्या.

मी गुडघ्यांवर बसलो. पायाचा अंगठा मोडलाय, मनगट सुजलंय, पण माझे गुडघे उत्तम आहेत. आत गेलो, पातेलं घेऊन बाहेर आलो. मग म्हणाली, झारा. आत गेलो, बाहेर आलो. मग कढई. मग कढईचं झाकण. झाकण सापडायला वेळ लागला तर काठीने माझ्या पाठीवर हलकेच टोचलं. म्हणाली, भावाकडच्या ट्रॉल्या करकरतात, हे त्यापेक्षा बरं आहे.

मी आनंदाने सांगितलं की पुढच्या महिन्यात नवीन मापं घेऊन, नवीन पद्धतीने, मी पुन्हा... ती म्हणाली, सुतार बुधवारी येतोय. तिने त्याला तेव्हाच सांगून ठेवलं होतं, मी पहिल्यांदा जवळजवळ म्हणालो त्या दिवशी. त्याआधीची तारीख त्याच्याकडे नव्हती, नाहीतर टाईल तरी वाचली असती.

बुधवारपर्यंत ओट्याखालून सरकणारा घरात मी एकटाच आहे.

जेवणं झाली. मी भांडी घासली आणि लावायला खाली बसलो. ती खुर्चीवरच होती, मुलीशी बोलत, माझ्याकडे पाठ. मी पातेलं आत ढकलत होतो तेवढ्यात, मागे न वळता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, पुढे ठेवा.

पुढे ठेवलं.