तहकुबीचा चौथा नियम

आदरणीय दादांस,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि वहिनींचा खोकला थांबला का, ते कळवावे. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. (तुमच्या बहिणीच्या हातची सवय होती, त्यामुळे मी रांधतो त्याला जेवण म्हणावे का, हा वेगळा वाद आहे.) ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, आठ दिवस इकडे येऊन राहा. मी येतो म्हणालो. त्याला दोन महिने झाले. आलो नाही, याचे कारण आमच्या कोर्टाची स्थानिक नियमावली.

साहेबांच्या (म्हणजे आमच्या न्यायाधीशांच्या) मनात आले की नियम करायचे तर रोज कोर्टात उभे राहणाऱ्या वकिलांना विचारून करावेत. विचार चांगला. मसुदा लिहायचे काम कचेरीचा अधीक्षक म्हणून माझ्या गळ्यात आले. मी बाररूमच्या (म्हणजे वकिलांच्या खोलीच्या) दाराशी सूचनांची पेटी ठेवली. एकशे बारा सूचना निघाल्या. त्यांतल्या चाळीस बाररूमच्या बंद पंख्याबद्दल होत्या, आणि एकीत फक्त 'वरील सूचनेशी सहमत' असे होते. वर काही नव्हते. मग बैठका सुरू झाल्या. तारखा लांबवण्याला आळा घालणारा तो नियम चौथा. त्यावरची बैठक तीनदा तहकूब झाली, दोनदा वकिलांच्याच अर्जावरून.

एकदाची ती बाररूममध्ये भरली, तेव्हा प्रश्न निघाला की वकिलाच्या घरी कोणी वारले तर किती दिवसांची सवलत द्यावी. आमच्याकडे एक ज्येष्ठ वकील आहेत, त्यांना सगळे पाठीमागे तहकूबराव म्हणतात. त्यांची एकुलती एक आत्या गेल्या सहा वर्षांत चार वेळा वारली आहे. (चारही अर्ज माझ्याकडे आहेत. आत्याचे गाव दर वेळी वेगळे.) म्हणून एका वकीलबाईंनी सुचवले की नुसत्या अर्जावर भागायचे नाही, मयताच्या रक्ताच्या नातेवाइकाने सही केलेली चिठ्ठी हवी. तहकूबराव उखडले. म्हणाले, "मग कचेरीतल्यांच्या रजेलाही हेच लावा. खोटं काय आम्हीच बोलतो?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, इतिवृत्त लिहिणाऱ्याला मत नसते. पुढे नात्यांची यादी निघाली. सासूवर तास गेला. शेवटी तहकूबराव कंटाळून म्हणाले, "सासूला सात द्या, बायकोला तीन पुष्कळ झाले." आणि मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. जो तो वर पंख्याकडे बघू लागला. तो बंदच होता. "अधीक्षक, हे लिहू नका हो," ते हळू आवाजात म्हणाले. मी 'चर्चा झाली' एवढेच लिहिले. बायकोला अखेर आठ दिवस मिळाले, एकमताने. सबंध नियमावलीत एकमत झाले ते तेवढ्यावरच.

गेल्या सोमवारपासून नियम लागू झाले. तर असा हा व्याप होता. वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा मेहुणा

ता. क. तिची शिवणाची पेटी वहिनींना द्यायची, असे ती सांगून गेली होती. येताना आणतो.

दुसरा ता. क. येताना म्हणजे, रजा मिळाली तर. मंगळवारी आठ दिवसांचा अर्ज केला, तो परत आला. साहेब म्हणाले, "अहो, मी स्वतः तुमच्या घरी येऊन बसलो होतो. पण चिठ्ठी जोडलेली नाही, आणि नियम तुमच्याच अक्षरात आहे." नवरा रक्ताच्या नात्यात बसत नाही. मसुदा करताना हे माझ्या ध्यानात आले नाही. म्हणून तुमची सही हवी. 'माझी बहीण वारली', एवढी एक ओळ पुरे. नमुना सोबत जोडला आहे. त्यात नाव आणि तारीख यांची जागा कोरी राहिली आहे, ती तुम्हीच भरावी. मी ती भरायला चार वेळा बसलो. तहकूबरावांना चारही वेळा कसे जमले, कळत नाही.