खालच्या शेतातली माझी जागा

मी, खाली सही करणारी, वय एक्याऐंशी, धंदा शिवणकाम. गुडघे गेलेत, पण डोकं शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं सांगितलंय. हे लिहायला मला कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा अजून जन्मायचाय. आधी काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

राहतं घर आणि शिलाई मशीन मुलीला. माझी मोठी कात्री जाऊबाईंकडून परत आणावी. त्यांनी त्या कात्रीने पत्रा कापला, हे मी विसरलेले नाही. वकील म्हणतात हे वाक्य गाळा. गाळणार नाही.

वरचं शेत, जिथे यजमानांना पुरलंय, तेही मुलीला.

खालचं शेत आम्ही हयातीतच थोरल्या मुलाच्या नावावर केलं, तेव्हा ते देणं माझ्या हातात नाही. त्याने ते तेलकंपनीला भाड्याने दिलंय. तेलाच्या विहिरी खोदताना निघणारा काळा चिखल टँकरने येतो, खड्ड्यांत ओततात, वर माती लोटतात. कंपनीचा माणूस माझ्याच स्वयंपाकघरात चहा पीत म्हणाला, "आजी, नुसती माती आणि पाणी." आता घरच्या आडाच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, गाय तोंड लावून मागे सरते आणि मुलीच्या लेकराच्या अंगावर चट्टे उठलेत. थोरला म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ. करार वाढवायचं त्याने ठरवलंय. पोटचा गोळा आहे, कोर्टात खेचायला मन होत नाही, आणि गप्प बसले तर डोळ्याला डोळा लागत नाही.

मात्र शेत देताना आम्ही एक अट लिहून घेतली होती: आम्हा दोघांना दोन्हीपैकी हव्या त्या शेतात पुरावं. त्याने हसत सही केली. आणि कंपनीचा नियम असा, की ज्या शेतात कबर आहे तिथे चिखल टाकत नाहीत.

म्हणून मला यजमानांशेजारी ठेवू नये. खालच्या शेतात मधोमध ठेवावं. यजमानांना एकटं राहायची सवय नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

स्थळ: घरची पुढची खोली. दिनांक: ११ ऑक्टोबर. सही: माझी, स्वतःच्या हाताने.

साक्षीदार: एक, डॉक्टरीणबाई. दोन, थोरला मुलगा. या कागदाने त्याला काही मिळत नाही, म्हणून त्याची साक्ष चालते, असं वकील म्हणाले.

त्याने कागद वाचला. मग म्हणाला, "आई, तिथे नको गं. तिथली माती चांगली नाही."

हे त्याच्यासमोर इथे लिहिलं, आणि त्याखाली त्याची सही घेतली.