चौकटीत दुसरी व्यक्ती

सोमवार, ३ फेब्रुवारी

शेरा बसला! चुकांचा नाही, घराचा. मेल आली — "चौकटीत दुसरी व्यक्ती. वेळ ११.४०. पहिला शेरा."

कुठली दुसरी व्यक्ती? या घरात मी, लॅपटॉप आणि बाथरूममधली पाल. पालीला व्यक्ती धरत असतील तर गोष्ट वेगळी.

नियम मला पाठ आहे. आम्ही तपासतो ते अर्ज लोकांचे खासगी असतात. नाव, पत्ता, जन्मतारीख — हाताने लिहिलेलं आणि टाइप केलेलं जुळतं का, एवढंच बघायचं. पण ते माझ्याशिवाय कुणी बघायचं नाही. म्हणून लॅपटॉपचा कॅमेरा दिवसभर मनाला येईल तेव्हा फोटो काढतो आणि मशीन त्यातली माणसं मोजतं. एकापेक्षा जास्त निघाली की शेरा. तीन शेरे झाले की घरी बसा! घरीच बसलेय म्हणा. पण मग दादाच्या घरी बसावं लागेल.

पाच महिने झाले, एक उरलाय. एक महिना धड गेला की कायम झाल्याचं पत्र.

शेरेबाईंना फोन केला. आमच्या वरिष्ठ. त्यांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, आवाज आणि शेरे तेवढे येतात. म्हणाल्या, "मशीन सांगतं गं, मी नाही. मागे काही वाळत घातलं होतंस का?" घातला होता टॉवेल, दारावर. तोच असणार. काढला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

टॉवेल नाही, शेरा नाही. सुटले!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज सकाळी कपाट उघडलं तर कप सगळे ओळीत, सगळ्यांचे कान उजवीकडे. मी आणि नीटनेटकी! दादाच्या घरी माझ्या पसाऱ्यावरून वहिनीने डोकं धरलं नाही असा दिवस गेला नसेल. मुद्दाम फोन करून सांगितलं तिला. "बघ, एकटी राहिलीस आणि सुधारलीस," म्हणाली. खूप हसली.

मागून दादाचा आवाज — "बघू किती दिवस टिकतेय."

पाच महिने हे एकच वाक्य. भांडून बाहेर पडले तेव्हा त्याने सांगितलंय, नोकरी सुटली की त्याच दिवशी परत यायचं. त्या घरात वाईट काही नव्हतं. पण तेहतीस वर्षांची झाले तरी इस्त्रीच्या टेबलाशेजारी झोपायचं, आणि पाहुणे आले की पलंग उचलायचा. इथे दारावर पाटी माझी नाही, पण किल्ली माझी आहे. आतून कडी लावली की कुणी विचारत नाही, काय करतेस. हे मला सोडायचं नाही. कशासाठीही नाही.

पाव संपला. परवाच आणला होता ना? खादाड झालेय.

सोमवार, १० फेब्रुवारी

शेरेबाई चक्क खूश! आधीच्या आठवड्यात माझ्या सतरा चुका होत्या, गेल्या आठवड्यात दोन. "वळण लागलं तुला. तुझ्या आधी त्या घरात आमचीच एक मुलगी होती, तिची आठवण झाली. एक चूक सापडायची नाही तिची."

ती मला ऐकून माहीत आहे. ऑफिसच्या ग्रुपवरच ही जागा कळली होती. मालकसुद्धा तिचं कौतुक करत होते — "शांत मुलगी. घरात आहे की नाही कळायचं नाही." तिचं सामान आतल्या खोलीत आहे म्हणून ती खोली बंद. "न्हाणीघर आहे आत, पण तुम्ही बाहेरचंच वापरा. ती येऊन सामान नेईल, मग उघडून देतो." ती काही अजून आलेली नाही.

शेरेबाईंना विचारलं, तिने सोडलं का? म्हणाल्या, "सोडलं कुठे, काढावं लागलं. आजारी होती, दोन आठवडे बसलीच नाही कामाला. फोनवर फार रडली बिचारी. मला इथूनच काम करू द्या, म्हणत होती. इथूनच! जसं काही दुसरीकडे लॅपटॉप चालत नाही."

वाईट वाटलं. पण मी तरी काय करणार?

एक मात्र आहे. शुक्रवारी सहाला मी बावीस अर्ज तसेच टाकून फिरायला गेले होते. सोमवारी उठून करू म्हटलं. आज उघडले तर सगळ्यांवर बरोबरची खूण. मीच केले असणार. दुसरं कोण करणार?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुसरा शेरा! दुपारी ३.१०. टॉवेल नाही, काही नाही.

शेरेबाईंशी वाद घातला. फोटो दाखवा म्हटलं. "फोटो तुम्हाला दाखवायचा नियम नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण सांगते. तुझ्या मागे दारात एक बाई उभी आहे. केस मोकळे. बहीण आलीय का तुझी? आली असेल तर तसं सांग, उगाच खोटं बोलू नकोस."

मला बहीण नाही.

हेडफोन काढले. मग स्वयंपाकघर, बाथरूम, पलंगाखाली, कपाटात — सगळीकडे पाहिलं. आतल्या खोलीचं दार ओढून पाहिलं. बंद.

खाली वॉचमनकाकांना गाठलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "आधीच्या ताईंनी किल्ली परत दिलेली मी तरी पाहिली नाही." म्हणजे असं आहे तर! ती येते. जुनी जागा बघायला येते आणि जाते. राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. किल्ली असलेलं माणूस निदान माणूस असतं. काकांना म्हटलं, तुम्हाला येता-जाता दिसली कशी नाही? "आता तेच आठवतोय. ताई सामान घेऊन निघाल्या, असंही मी पाहिलेलं नाही."

मी तिथे थांबले नाही. किल्लीवाल्याला बोलावलं, तासाभरात कुलूप बदलून घेतलं. आता ये म्हणावं!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नव्या किल्ल्या दोन. एक पर्समध्ये, एक गळ्यात. छान झोप लागली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

संध्याकाळी फिरून आले. नवं कुलूप जसंच्या तसं. आत ओट्यावर चहाचा कप धुऊन पालथा घातलेला.

मी कप धुतला नव्हता. मी कधीच लगेच धुत नाही! वहिनीला विचारा.

मग पावाचा हिशोब लागला. अंड्यांचा, साबणाचा, बावीस अर्जांचा. कुलूप बदलून काय उपयोग? बाहेरून कुणी येतच नसेल तर?

आतल्या खोलीच्या दाराला कान लावला. काही नाही. पण कसलं काही नाही! माझ्या खोलीत फ्रिज गुरगुरतो, वरच्यांचा नळ वाजतो. तिथे मात्र कुणी श्वास धरून बसलंय अशी शांतता.

सामान बांधायची तपकिरी चिकटपट्टी होती. दार आणि चौकट मिळून एक पट्टी लावली. घाईत तिरकी लागली. लागू दे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पट्टी शाबूत! स्वतःलाच हसले. दादाला कळलं तर म्हणेल, एकटी राहिलीस की डोकं असंच चालणार.

दुपारी परत पाहिली. पट्टी सरळ आहे. मी तिरकी लावली होती. आता फूटपट्टीने आखून लावल्यासारखी सरळ.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सकाळी टेबल फिरवलं. पाठ भिंतीला, तोंड त्या दाराकडे. आता माझ्यामागे कुणी उभं राहूच शकत नाही. एक अर्ज बघायचा, एकदा दार बघायचं. जेवणापर्यंत अकरा चुका.

साडेबाराला शेरेबाईंचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता. "मी ते दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. आधी नीट बघितलंच नव्हतं. दुसऱ्या फोटोत ती दारात आहे. पहिल्यात अगदी तुझ्या खांद्याशी. ती तुझ्याकडे नाही बघत गं. पडद्याकडे बघतेय. वाकून अर्ज वाचतेय." आणि जरा थांबून, "मला ती आधीची मुलगीच वाटली. पण ती कशी असेल? भास असेल माझा. आणि हे बघ, तिसरा शेरा आला तर माझ्या हातात काही नाही."

तीन तारखेला सकाळी ११.४० ला ती माझ्या खांद्याशी होती, आणि मी गाणी ऐकत होते.

मालकांना फोन लावला. ते बाहेरगावी. "अहो, कुणी कसं असेल? शनिवारी माझा भाऊ येऊन खोली उघडेल. तोवर कुलूप तोडायचं नाही हं!" वॉचमनकाकांना वर आणलं. त्यांनी दार वाजवलं. "ताई, आहात का आत?" काही नाही. ते माझ्याकडे बघून हसले. "बघा, कोणी नाही."

तेवढ्यात आत नळ बंद झाला. चालू होता हे आम्हाला तो बंद झाल्यावर कळलं.

काकांचं हसू गेलं. म्हणाले, "पोरी, चपला घाल. खाली चल आधी."

पर्स आणि ही वही उचलली. आणखी काही घेतलं नाही. लॅपटॉप टेबलावर तसाच उघडा, अर्धवट अर्जासकट. पासवर्डची चिठ्ठीही पडद्याला चिकटवलेली. शेरेबाई त्या चिठ्ठीवरून मला नेहमी बोलायच्या. काढायला मागे फिरले नाही.

रस्त्यावरून पोलिसांना फोन केला. मालकांना उघडायला सांगा म्हणाले, काही चोरीला गेलंय का म्हणाले. काय सांगू? पाव?

गुरुवार, २० फेब्रुवारी

दादाकडे. कालच दोन दिवसांची रजा टाकली.

मला वाटलं होतं दादा बोलेल. पण त्याने दार उघडलं, माझ्या हातात पिशवीसुद्धा नाही हे पाहिलं आणि आतून उशी आणून दिली. त्याने टोमणा मारला असता तर मी भांडले असते. उशी घेऊन रडले.

वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शनिवारी आम्ही दोघं येतो तुझ्याबरोबर. खोली उघडू, ती असेल तर तिच्या माणसांना बोलावू. तुझं घर आहे ते. सोडायचं नाही." माझं घर! तिने म्हटलं, मी नाही.

इस्त्रीचं टेबल आहे तिथेच आहे. पण एक बरं आहे. मी इथे आहे तोवर तिसरा शेरा बसू शकत नाही. नोकरी शाबूत. शनिवारपर्यंत जीव मुठीत धरायचा, एवढंच.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शेरेबाईंचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतेय.

"रजा टाकूनही दोन्ही दिवस नऊ ते सहा बसलीस! कौतुक आहे. दोनशे साठ अर्ज, चूक एकही नाही. आणि चौकटीत एकच व्यक्ती. बघ, जमलं की नाही? वर शब्द टाकला तुझ्यासाठी. कायमचं पत्र दुपारी पाठवलं आणि तू पाच मिनिटांत सही करून परतही केलंस. अभिनंदन! अशीच बसत जा."

मी दादाकडे आहे. दोन दिवस मी लॅपटॉपला हात लावलेला नाही. मी कशावरही सही केलेली नाही.