जाहीरनाम्याचा मागचा पत्रा

३ जानेवारी २०२५
कुपवाडचा नक्षीकामाचा कारखाना उघडला. ट्रकनं धवलला उडवलं, त्यानंतर पहिल्यांदाच. काही वाटलं नाही! ठोकताना पत्रा धरून ठेवणाऱ्या राळेवर त्याचा चांदीचा पत्रा तसाच बसलेला, अर्धवट. धूळ होती. पुसली.

साताऱ्याकडच्या एका जुन्या संस्थानाचं काम. राजानं प्रजेसाठी काढलेला जाहीरनामा, चांदीच्या दोन पत्र्यांत पुस्तकासारखा बांधलेला. पुढचा पत्रा शाबूत — वेली, पोपट, हत्ती. मागचा कुणी कधी काढून नेला, देव जाणे. तो धवल नव्यानं करत होता. एका कडेनं काम करणं त्याला माहीतच नव्हतं — इथं एक पोपट, तिथं थोडी वेल, मनाला येईल तसं.

त्याच्या हातचं घरात दुसरं काही नाही. सगळं गिऱ्हाइकांकडे गेलं.

६ जानेवारी
मामा म्हणाले, "मेलेल्याचं अर्धं काम ठिवू न्हाई, पोरी. वितळवू." सासरे आहेत, लेक त्यांचा गेलाय. तरी नाही म्हटलं.
"मग पुरं कोण करनार?"
"मी."
लग्नापासून मी नवऱ्याच्या कामात फक्त जमीन भरली — चित्रांमधली बारीक टिंबं. मामा माझ्या हातांकडं बघून बाहेर गेले.

८ जानेवारी
जाहीरनामा साताऱ्यातल्या कायमच्या प्रदर्शनात मांडणारे विश्वजितराव आले. "वहिनी, पत्र्यावर दोन कारागिरांचे हात दिसता कामा नयेत. दिसले तर पत्रा परत येईल. रागावू नका."
कशाला रागावू? राग यायला आत काहीतरी लागतं.
परत आला की मामा वितळवणार.

१५ जानेवारी
एक पोपट. चोच जाड झाली.

१६ जानेवारी
आत्ती डबा घेऊन आल्या. "रड की गं जरा. रडलीच न्हाईस तू." सासूनं सुनेला असं सांगायची वेळ! चपाती खाल्ली. चोच दाबून पुन्हा उठवली. जमली.

२४ जानेवारी
माझे पोपट त्याच्या पोपटांशेजारी परके दिसतात. मग त्याच्याही पोपटांच्या कडांवरून हातोडी फिरवली. हलकीच. जुळायला हवं ना.

२ फेब्रुवारी
पुरा झाला. राळ तापवून पत्रा सोडवला, धुतला. मामांनी उजेडात नेऊन उलटासुलटा केला. "व्हय," म्हणाले. मग स्वतः जाऊन चहा सांगून आले — माझ्यासाठीही!

५ फेब्रुवारी
विश्वजितरावांनी घेतला. दोन हात दिसले नाहीत म्हणे.
बरं झालं. आता तो काचेत राहील. वाटेल तेव्हा साताऱ्याला जायचं, धवलचा हात बघून यायचं. एवढ्यासाठीच केलं सगळं. कुणाला बोलले नाही.

९ मार्च
साताऱ्याला जाऊन आले. काचेला नाक लावून शोधलं. त्याचे पोपट कुठले, माझे कुठले — मलाच कळेना. तिथंच, चार लोकांत, ढसाढसा रडले.