कमरेपर्यंत पाणी

१० जानेवारी १९५८, शुक्रवार. सायंकाळी सव्वासहा. ट्रंकेतले कपडे खुंटीला लावून हे लिहायला बसलो आहे.

नोकरी मिळाली. सरकारी बालसुधारगृहात कोठीवाला, म्हणजे धान्य मोजून देणारा. सातवी अर्धवट सोडलेल्याला याहून काय मिळणार? घाटावरच्या माणसाला इथले सगळे नवे आहे: चिकूच्या वाड्या, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, गुजराती मिसळलेले बोलणे. सुधारगृह टेकाडावर आहे, खाली खाडी. अधीक्षक रेगेसाहेब शांत गृहस्थ आहेत. मुलांवर हुकूम चालतो तो भिकू जमादाराचा. स्वयंपाकीण सोनूबाई इथल्या मासेमार मांगेल्यांची आहे. मला पाहताच तिने विचारले, पोरांना सुधारायला आलास की स्वतः सुधारायला? सगळे हसले, मीही हसलो. आईला पत्र टाकले.

१२ जानेवारी, रविवार.

आज इथली शिक्षा पाहिली. लाहू नावाचा तलासरीकडचा वारली मुलगा आहे, अकरा वर्षांचा असेल. राखीव जंगलात लाकूड तोडताना धरलेला. कोठीतला गूळ त्याने चोरला. तक्रार मीच केली. जमादाराने त्याला दुपारी खाडीत, मासेमारीच्या जाळ्यासाठी रोवलेल्या खुंट्याला बांधले. भरतीचे पाणी कमरेला लागले की सोडायचे, अशी रीत आहे. दिवस मावळेपर्यंत पाणी गुडघ्यालाच आले. जमादार म्हणाला, पाण्यालाही या चोराची कीव येते. मला शिक्षा फार कडक वाटली नाही.

२० जानेवारी, सोमवार.

लाहूने पुन्हा गूळ घेतला. जमादाराने सकाळीच त्याला बांधले आणि तो बाजाराला डहाणूत गेला. कमरेला लागले की सोडव, असे मला बजावले. मागच्या वेळी गुडघे भिजायला अर्धा दिवस लागला होता, म्हणून मी तांदूळ मोजायला बसलो. पोती संपेपर्यंत उठलो नाही. गेलो तेव्हा खुंट्याचे टोकही दिसत नव्हते.

सोनूबाई म्हणाली, "काल अवस झाली. आज उधाण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुला घड्याळ कळतं, तिथ नाय कळत?" मागच्या वेळी अष्टमी होती, तेव्हा पाणी कमी चढते. मला कुणी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

ओहोटीला दोर सापडला. लाहू सापडला नाही. साहेब म्हणाले, पळाला. जमादारही म्हणाला, पळाला.

२४ जानेवारी, शुक्रवार.

लाहूची आई पुतळी तलासरीहून चालत आली. साहेबांनी मला पुढे केले. मी म्हणालो, पळाला.

ती रडली नाही. म्हणाली, पळाला असता तर घरी आला असता. मेला असेल तर सांग, मी पाण्याकाठी उभी राहून हाक मारीन आणि त्याला घेऊन जाईन. नाही सांगितलंस तर तो तुमच्याकडेच राहील.

जेवणवेळेपर्यंत ती फाटकाशी बसून होती. मी खिडकी लावून घेतली. नोकरी गेली तर आईला काय पाठवू?

२८ जानेवारी.

खोलीच्या भिंतीला ओल आली आहे. जमिनीपासून वीतभर, चारी बाजूंनी सारखी. बोट लावून चाखली. खारट. खाडी टेकाडाच्या कितीतरी खाली आहे. सोनूबाईला दाखवली. ती म्हणाली, मला काय दाखवतोस, तिला जाऊन सांग.

१ फेब्रुवारी.

जमादार मेला. भर दुपारी, स्वतःच्या खोलीत. दार आतून बंद होते, ते फोडले. खोली कोरडी. तो खांबाला पाठ लावून उभाच होता, हात मागे, मनगटांवर वळ. दोर नव्हता. खाली घेतला तेव्हा तोंडातून गढूळ पाणी येऊ लागले, ते थांबेना. मुले रांगेत उभी राहून पाहत होती. एकही घाबरला नाही.

साहेब रजा टाकून ठाण्याला गेले. जाताना म्हणाले, बांधणारा मेला. तोंड उघडलेस तर तुरुंगात तू एकटा.

२ फेब्रुवारी.

ओल गुडघ्याच्या वर. मनगटे दुखतात. उद्या तलासरीला जाऊन पुतळीबाईला सांगतो. नोकरी जाऊ दे.

३ फेब्रुवारी.

गेलो नाही. फाटकापर्यंत गेलो होतो.

४ फेब्रुवारी. पौर्णिमा. आता तिथ बघतो.

निघालो होतो. दार फुगले आहे, उघडत नाही — मुले खिडकीबाहेर येऊन उभी आहेत. दार फोडा म्हणालो. त्यांतला एक शांतपणे म्हणाला, कमरेला लागलं की सोडवू.

जमीन कोरडी दिसते, पण पाणी आहे — मांड्यांना गार — पाठ भिंतीला चिकटली — डावा हात मागे गेला तो येत नाही — वही खिडकीच्या फळीवर —

कमर झाली. मुले हलत नाहीत.

पुतळीबाई, तो पळाला नाही. मी तांदूळ मोजत होतो.

साहेब आईला लिहितील, तुमचा मुलगा नोकरी सोडून पळाला. आई, पळणारा माणूस हिशेब करून ठेवत नाही, म्हणून लिहितो — खर्च: साबण चार आणे, शाई दोन आणे. तलासरीचे बसभाडे बारा आणे वेगळे काढले आहे, ट्रंकेत — देणे: सोनूबाईला एक रुपया दोन आणे, आणि