तिप्पट घराशेजारची जागा

२ मार्च, शनिवार
टेलरकाकांच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर, बोर्डावर अक्षरं जोडून शब्द लावायचा खेळ. टेलरकाका, नर्सबाई, मेहुणा आणि मी. निवृत्त झाल्यापासून घराबाहेर पडायचं हे एकच निमित्त. पण खेळतात कसं! काका लाल तिप्पट घराच्या (तिथे शब्दाला तिप्पट गुण) शेजारी शब्द लावतात आणि नर्सबाईंना म्हणतात, या, तुमच्यासाठी जागा ठेवलीय. प्रतिस्पर्ध्याला!
मी चौथा आलो. सगळ्यांत जास्त गुणांचा ज्ञ योग्य क्षणासाठी राखून ठेवला होता. क्षण आला नाही.
संकल्प : यांना शास्त्र शिकवायचं.
हिला सांगितलं. ही म्हणाली, तेवढं एक टेबल उरलंय तुम्हाला, तिथे तरी ऑफिस काढू नका.

५ मार्च, मंगळवार, सकाळी ७
अभ्यासक्रम तयार. धडा एक : दुसऱ्याला जागा देऊ नये. दोन : दिसली जागा की बुजवावी. तीन : कोणी आपण होऊन जागा दिलीच, तर तो सापळा समजावा. चार ते सहा सुचतील तसे.
तीन प्रती काढल्या. लॅमिनेट केल्या.

९ मार्च, शनिवार
प्रती वाटून दोन धडे शिकवले. नर्सबाईंनी विचारलं, मग गप्पा कधी मारायच्या? म्हटलं, धडा पाचवा. काकांनी लिहून घेतलं, पण खडूने, कुणाच्या तरी पँटच्या कापडावर.
चौथा आलो. शिकवणाऱ्याला स्वतःच्या खेळाकडे बघता येत नाही.

१६ मार्च, शनिवार
झपाट्याने प्रगती. नर्सबाईंनी काकांची जागा बुजवली. काका कळवळले, अहो, तिथे मी लावणार होतो! बाई म्हणाल्या, कधीचे डोळे लावून बसला होतात, म्हणून तर बुजवली.
चहा आला. कोणी कप उचलला नाही. याला म्हणतात एकाग्रता.
चौथा. ज्ञ हातात.

२३ मार्च, शनिवार
अकरा शब्दांतच डाव अडला. सगळी अक्षरं एका कोपऱ्यात दाटीवाटीने, बाहेर पडायला वाट नाही. मेहुणा म्हणाला, दाजी, बोर्डाला कुलूप लागलं. परिपूर्ण बचाव! मी टाळी वाजवली. एकट्यानेच.
नर्सबाईंना अचानक ड्यूटी आठवली. शनिवारी त्यांना सुट्टी असते. काकांनी टेबलावर कापड पसरलं.
चार चाळीसला घरी. ही म्हणाली, आज लवकर? म्हटलं, खेळ वेगवान झालाय.

२६ मार्च, मंगळवार
मेहुण्याचा फोन. काकांकडे मोठी ऑर्डर आहे म्हणे, या शनिवारी टेबल मोकळं मिळणं कठीण. पुढच्याही.
पुढच्या वेळी परीक्षा घेईन म्हटलं होतं, तिची धास्ती घेतलेली दिसते.

२७ मार्च, बुधवार
धास्ती नसावी.
ही म्हणाली, शनिवारी मोकळे आहात ना, दळण आणा.

२८ मार्च, गुरुवार
काकांना फोन केला. फक्त एक डाव, बिस्किटं मी आणतो. काकांनी दोनदा विचारलं, एकच ना? मग म्हणाले, या.
नवा संकल्प : उदारता. माघार नव्हे. प्रगत डावपेच.

३० मार्च, शनिवार
सगळे आले. दुसऱ्याच फेरीत मी लाल तिप्पट घराशेजारी शब्द लावला. जागा सताड उघडी. जीभ वळेना, तरी म्हटलं, नर्सबाई, या, तुमच्यासाठी जागा ठेवलीय.
बाईंनी घराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग पर्समधून लॅमिनेट केलेला कागद काढून तिसऱ्या धड्यावर बोट ठेवलं. दुसऱ्या टोकाला जाऊन चार गुणांचा शब्द लावला.
काकाही तिकडेच गेले. मेहुणा म्हणाला, दाजी, आता आम्ही कच्चे राहिलो नाही.
म्हटलं, शपथ, यात काही नाही. काका म्हणाले, शपथ घेतायत, म्हणजे सापळा मोठा आहे.
पलीकडच्या टोकाला तिघे एकमेकांना जागा देत होते. हसत होते. चहासुद्धा प्यायले. माझ्या कोपऱ्यात कोणी फिरकलं नाही. शेवटी मीच तिथे दोन अक्षरं लावली. सहा गुण. ज्ञ बसला नाही.
पुढच्या शनिवारचं विचारलं. काका म्हणाले, ऑर्डरचं बघून कळवतो. माझा नंबर त्यांनी घेतला नाही, गुरुवारच्या फोनमुळे असेलच त्यांच्याकडे.
बिस्किटांचा पुडा तसाच घरी आणला. ही म्हणाली, हे काय, कोणी हातही लावला नाही?
म्हटलं, फारच तयार झालेत.