विनंती थांबा

माय, आज मी जळगावला भरल्या सभेत भांडून आले. धुळ्याला घरी पोचल्यावर हे सांगायला तुझ्याशिवाय कोणी सुचेना. तुला जाऊन किती वर्षं झाली, तरी भांडण झालं की ते आधी तुला सांगायचं, ही सवय काही गेली नाही. भांडण आपल्या फाट्यावरून झालं. पारोळा आणि एरंडोलच्या मधला तोच फाटा, जिथून आपल्या गावाचा कच्चा रस्ता खाली उतरतो. तो कच्चा रस्ता अजून तसाच आहे, पण मोठा रस्ता आता चौपदरी झालाय आणि त्याच्यावरून उड्डाणपूल गेलाय. एसटीच्या लाल गाडीने पुलावरून सरळ निघून जावं, खाली आपल्यासाठी उतरू नये, असं वरच्या लोकांच्या मनात आहे. उतरायचंच असेल तर तोटा गावाने भरावा, ग्रामपंचायतीतून. याला ते सुधारणा म्हणतात. ठरवण्याआधी लोकांचं ऐकून घ्यायचा नियम आहे, म्हणून आज जनसुनावणी ठेवली होती.

तुला फाट्यावरची ती पाटी आठवते का? मी नुकतीच एरंडोलच्या हायस्कुलात जायला लागले होते, आणि तू कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून मला गाडीत बसवायला रोज फाट्यापर्यंत यायचीस. एक दिवस तिथे लोखंडी पाटी लागली. तुला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं: विनंती थांबा. म्हणजे काय, असं तू विचारलंस. मी म्हटलं, आपण विनंती केली तर गाडी थांबते. तू डोक्यावरचा पदर मागे सारलास आणि हसलीस. ''इतला दिन पाटीलले इनंत्या कयात. आते गाडीले बी कसाले? गाडीले हात दाखाडाना.'' तुझं म्हणणं मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. आपल्या वस्तीतल्या माणसाला एरंडोलला जायचं तर पाटलाच्या ट्रॅक्टरवर जागा मागावी लागायची, आणि मिळाली तर मागे, चाऱ्याच्या भाऱ्यावर. लाल गाडीत तसं नव्हतं. तिकीट काढलं की रिकाम्या बाकावर बसायचं, शेजारी कोण आहे ते बघायचं नाही. तू तर मुद्दाम पुढच्या बाकावर बसायचीस, आणि कोणी टक लावून पाहिलं तर त्याच्याकडे तशीच टक लावून पाहायचीस.

मला मात्र हात दाखवायची लाज वाटायची. कोपर अंगाला चिकटवून मी बोटं तेवढी हलवायचे, आणि गाडी धूळ उडवत निघून जायची. मग तुझी बोलणी बसायची. ''हात काब्र लपाडस? तुना हात काय चोरीना शे?'' दिवाळीच्या बाजारातून तू माझ्यासाठी पिवळीधमक ओढणी आणलीस, ड्रायव्हरला लांबून दिसायला हवी म्हणून. शाळेत पोरी मला चिडवायच्या. दहावीच्या परीक्षेला मी तीच ओढणी घेऊन उभी आहे. गाडी येते, मी हात करते, गाडी काही हळू होत नाही. आणि तू माझ्या शेजारून निघून थेट रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभी राहतेस, हात वर, पंजा उघडा. गाडी करकचून ब्रेक दाबत तुझ्यापुढे थांबते. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडतो, ''मरायचंय का बाई?'' तू म्हणतेस, ''मराले नही उनू. पोरनी परीक्षा शे, लई जाय तिले.'' मी चढल्यावर तू वळून पाहिलंसुद्धा नाहीस, तडक कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला निघून गेलीस.

तर आजचं सांगते. गावातल्या बायका सकाळच्या गाडीने जळगावला आल्या होत्या. विहाराशेजारच्या घरातली वहिनीही होती. तिची पोरगी त्याच फाट्यावरून धुळ्याला नर्सिंगला जाते. वहिनीने मला दारातच गाठलं. ''थांबा गया ना ताई, तं पोरनं कॉलेज गयं. तिना बाप आजच वाट दखी ऱ्हायना.'' बापाला नुसतं निमित्त हवंय, स्थळ त्याने बघूनच ठेवलंय. दारापाशी टेबल मांडून एक कारकून बसला होता. बिचारा सज्जन होता. त्याने माझ्यापुढे छापील कागद सरकवला, वर ठळक अक्षरात लिहिलेलं, विनंती अर्ज. मी म्हटलं, आमची हरकत आहे, हरकतीचा कागद द्या. तो हळूच म्हणाला, ''मॅडम, हरकत लिहिलं की साहेब चिडतात. विनंती लिहा, विचार होईल.'' माय, मी मुख्याध्यापिका आहे. रोज माझ्या टेबलावर विनंती अर्ज येतात, आणि मीही शिक्षण खात्याला ढीगभर लिहिलेत. आज मात्र माझं डोकं फिरलं. मी 'विनंती अर्ज' वर आडवी रेघ ओढली, वर 'हरकत' लिहिलं आणि आत जाऊन पुढच्या खुर्चीवर बसले. पांढरं कापड घातलेली ती खुर्ची निमंत्रितांची होती म्हणे. रिकामी होती, बसले.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पडद्यावर आपला फाटा दाखवला, तोट्यातला थांबा म्हणून. मी उभी राहिले. म्हटलं, शेजारचा पूल दाखवा ना, त्याचा नफा किती? पूल बांधताना कोणी गावाकडे तूट भरून मागितली नव्हती. मोठ्या गाड्यांनी न थांबता जावं म्हणून सरकार पैसे ओततं, आणि आमच्या पोरींसाठी एक गाडी पुलाखालून वळवायची तर तुम्हाला तोटा दिसतो. साहेब शांतपणे म्हणाले, ''ताई, आज इथे तुम्ही कशाने आलात?'' मी म्हटलं, स्वतःच्या मोटारीने. पुढच्या रांगेत हशा पिकला. माझे कान तापले. गेली कित्येक वर्षं मी लाल गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं, हे खरंच होतं. पण मी खाली बसले नाही. म्हटलं, ''हसा. ती मोटार घेण्याइतकं मी शिकले ते याच थांब्यावरून. आता तिथे दुसरी पोरगी उभी आहे. तिला मोटार घेऊ द्या, मग पाटी काढा.''

साहेबांनी घड्याळ बघितलं. ज्यांनी आधी नाव नोंदवलं त्यांचंच ऐकू, म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं. तेवढ्यात मागे काहीतरी हललं. वहिनीने हात वर केला होता. वर्गात पोरं करतात तसा नाही. फाट्यावर करतात तसा, खांद्यातून सरळ, पंजा उघडा. मग तिच्या शेजारणीने, मग सगळ्यांनीच. वहिनी म्हणाली, ''बठ्ठासनी हरकत शे. लिखी ल्या.'' साहेब थांबले, माय. माइक हातात धरून थांबले, आणि कारकुनाला एकेकीचं नाव लिहून घ्यायला लावलं. निकाल काय लागेल ते माहीत नाही. कदाचित पाटी जाईलही. पण हरकत म्हणूनच लिहिलं गेलं, विनंती म्हणून नाही.

परतताना मी फाट्यावर मोटार निंबाखाली लावली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. जळगावकडून लाल गाडी येत होती. मी हात केला. ती पुलावर न चढता खाली वळली आणि थांबली. कंडक्टरने निंबाखालची मोटार पाहिली. ''मॅडम, बंद पडली का?'' म्हटलं, नाही, चालू आहे. तो बुचकळ्यात पडला, पण बायकांचं अर्धं तिकीट त्याने फाडून दिलं. मी पुढच्या बाकावर बसून पारोळ्यापर्यंत गेले, आणि मोटार आणायला पुन्हा उलटी आले. असा वेडेपणा या वयात.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण तुला वाचून दाखवायची सोय असती, तरी मी पुढचं एवढं गाळलं असतं. गाडी पुलाजवळ आली, तिचा वेग काही कमी होईना, तेव्हा मी मनातल्या मनात म्हणत होते, थांब गं बाई, थांब, एवढ्या वेळेस थांब. विनंतीच केली, माय. हात मात्र सरळ होता.